कुठेतरी पाणी मुरतंय

तळ्यात बादली ठेवली त्या दिवशी आईने मला वेड्यात काढलं. पाण्याने भरलेलं तळं, त्यातल्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली, आणि काठावर गुडघे टेकून बादलीला आतून-बाहेरून मार्करने रेघा ओढणारा मी. "आता बादलीत तांब्या ठेव, नि तांब्यात पेला," ओट्यावरच्या खुर्चीतून ती म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. तीन आठवडे खपून केलेलं तळं रोज दोन-दोन सेंटिमीटर खाली चाललं होतं, आणि विनोद कळावा अशी माझी अवस्था नव्हती.

पण आधी खड्ड्याबद्दल सांगतो.

एका मोठ्या कुंडीत पाणी साठवून मी कुमुदाचं, म्हणजे वॉटर लिलीचं, एक रोप लावलं होतं. त्याला एक फूल आलं, आणि त्या एका फुलाने घात केला. परसात तळंच करायचं, असं डोक्याने घेतलं. माणसं लावून करून घे, असं सगळ्यांनी सुचवलं. खड्डाच तर खणायचाय, त्याला माणसं कशाला, हा माझा युक्तिवाद. या एका वाक्यात दोन चुका होत्या. खड्डा खणणं सोपं नसतं ही पहिली, आणि ती पहिल्याच दिवशी कंबरेने दाखवून दिली. दुसरी कळायला बराच वेळ लागला. तळ्यातलं सगळं कसब काठाचं असतं. खड्डा कुणालाही जमतो.

जागा ठरवताना मोह झाडाखालचा होतो. चित्रातलं तळं नेहमी झाडाखालीच असतं. प्रत्यक्षात झाडाची पानं पाण्यात पडतात, तळाशी कुजतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि शेवाळाला खत पुरवतात. शिवाय खाली खणू लागलं की मुळं आडवी येतात. कुमुदाला तर दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन लागतं, नाहीतर नुसती पानंच पानं. परसातला सगळ्यात सखल कोपराही टाळायचा, कारण पावसाचं वाहतं पाणी आजूबाजूची माती नि खत घेऊन तिथेच उतरतं. हे दोन्ही वगळल्यावर एक उघडी जागा उरली. ती आईच्या खुर्चीतून नीट दिसत होती. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे झालं.

आकारासाठी पाण्याचा पाइप जमिनीवर वाटोळा टाकला आणि दोन दिवस तसाच ठेवला. येताजाता पायाने थोडा इकडे, थोडा तिकडे. मनासारखा झाल्यावर फक्की मारली. तीन बाय दोन मीटरचा लंबगोल. सगळीकडून आत २५ सेंटिमीटर खोल अशी पायरी ठेवायची, काठावरच्या झाडांच्या कुंड्यांसाठी. मध्ये मात्र ६० सेंटिमीटर. उथळ पाणी उन्हात चटकन तापतं, म्हणून ही खोली. हिशेब केला तर साधारण दोन हजार लिटर पाणी. तळं म्हणावं तर इवलंसं, आणि डबकं म्हटलेलं मला खपत नाही.

दोन हजार लिटर पाण्याची जागा म्हणजे दोन घनमीटर माती, आणि ती तीन टनांच्या घरात जाते. मी घमेली मोजत होतो. दोनशेनंतर मोजणं सोडलं. वर माती फुगते, हे मला ठाऊकच नव्हतं. जमिनीत दबून बसलेली माती बाहेर काढली की मोकळी होते आणि सव्वापट जागा मागते. खड्ड्याशेजारचा ढीग खड्ड्यापेक्षा मोठा दिसायला लागला, तेव्हा आई म्हणाली, "तळं राहू दे, टेकडी छान झालीय."

आत काय घालायचं, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी थोडक्यात उरकतो. सिमेंट टिकाऊ खरं, पण जमीन जरा हलली की चीर पडते, आणि नव्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरून पाणी माशांना सोसवेना इतकं अल्कधर्मी होतं. तयार टब मिळतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, फक्त तो आकार दुसऱ्याच कुणाच्या मनातला असतो. सगळ्यात जुनी रीत चिकणमातीची. ओली चिकणमाती थरावर थर तुडवून बसवायची, की पाणी धरते. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने इंग्लंडातले कालवे याच रीतीने गळू दिले नाहीत. मला ही रीत मनापासून आवडते, पण पाणी उतरून ती माती एकदा उघडी पडून वाळली की तडकते. शेवटी मी रबरी अस्तर घेतलं, ईपीडीएम नावाचं, १ मिलिमीटर जाडीचं. त्याचं माप काढायला शाळेतलं गणित पुरतं: लांबीत दुप्पट खोली मिळवायची, आणि दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटिमीटर जास्तीचं धरायचं. म्हणजे ४.८ मीटर. रुंदीचं तसंच, ३.८ मीटर. वजन वीस-बावीस किलो. दुमडून आलेलं ते काळं गाठोडं अर्धा तास उन्हात पसरून ठेवलं, तेव्हा कुठे मऊ पडलं.

अस्तराखालचा खडा न् खडा हाताने वेचायचा असतो. डोळ्यांना दिसत नाहीत ते तळव्यांना लागतात, म्हणून मी अनवाणी खड्ड्यात फिरलो. मग वाळूचा थर, वर जुनं जाड कार्पेट, आणि त्यावर अस्तर. पाणी सोडलं. पाण्याच्या वजनाने अस्तर आपणहून खाली बसत जातं आणि वळणावर चुण्या पडायला लागतात. मी त्या चेपत होतो, चुरगळत होतो. आईला ते बघवेना. ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "अरे, निऱ्या घाल ना. बारीक बारीक दहा नकोत, एकच मोठी, आणि सगळ्या एकाच दिशेला." घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून मी आयुष्यात पहिल्यांदा निऱ्या घातल्या. बऱ्या बसल्या.

पाणी वर चढत गेलं. मी काठावर बसून बघत होतो. एका बाजूने पाणी काठाला टेकलं. आणि समोरच्या बाजूला अस्तराची काळी पट्टी उघडी. चार बोटं तरी रुंद. चंद्रकोरीसारखी. नळ तसाच चालू ठेवला, कोर जराशी बारीक होईल या वेड्या आशेने; तर अलीकडचं पाणी काठ ओलांडून माझ्या पायाखालून गवतात गेलं.

जमीन सपाट आहे, असं मी नजरेने ठरवलं होतं. दहा वर्षं त्या जमिनीवर चालतोय, खुर्च्या टाकतोय. कधी काही वाटलं नाही. तीन मीटरमध्ये चार सेंटिमीटरचा उतार पायांना कळत नाही. पाण्याला कळतो, आणि पाणी तो अख्ख्या घराला दाखवतं. शाळेत मी बहुतेक विषयांत काठावर पास व्हायचो. इथे काठावरच नापास झालो.

खरं तर गवंड्यांकडे यावर किती साधा उपाय असतो. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. दोन टोकं दोन जागी धरली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीत उभं राहतं. लेव्हल ट्यूब. मध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा, नाहीतर नळी खोटं सांगते, एवढंच पथ्य. मी ती नंतर वापरली, आधी वापरायची असते. पाणी उपसलं, सखल बाजूचं अस्तर उचललं, खाली माती भरून ठोकली, पुन्हा नळी धरली. नळीचं एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या. "वर... किंचित खाली... थांब," असं दुपारभर चाललं. काठाला फेरी मारून आलो तेव्हा सगळीकडे एक पातळी होती, फक्त एका जागी मुद्दाम दोन सेंटिमीटर कमी. तो सांडवा. जोराचा पाऊस झाला की जास्तीचं पाणी कुठून जाणार हे आपण ठरवायचं, नाहीतर पाणी ठरवतं. माझा सांडवा फुलझाडांच्या वाफ्यात उतरतो, गटारात किंवा ओहोळात नाही. तळ्यातले मासे आणि पाणवनस्पती बाहेरच्या पाण्यात जाता कामा नयेत.

मग काठावर चपटे दगड मांडले. दगडांच्या फटीतून अस्तराची काळी कड डोकावत होती, ती मला अजिबात सहन होईना. म्हणून दगडांमध्ये नि कडेवर माती दाबून भरली, गवताचे गड्डे लावले, काही ठिकाणी माती थेट पाण्यापर्यंत उतरवली. आता ते तळं दिसायला लागलं. निसर्गाने केल्यासारखं. मी फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दोन सेंटिमीटर खाली.

ऊन्ह आहे, वारा आहे, होणारच, असं मी म्हटलं आणि वर पाणी सोडलं. पुढच्या सकाळी पुन्हा तेवढंच. पुन्हा भरलं. आठवडाभर असंच. आईने खुर्चीतूनच निदान केलं: "तुझ्या तळ्याचं कुठेतरी पाणी मुरतंय." हे वाक्य तिने जन्मभर नातेवाइकांच्या व्यवहारांबद्दल वापरलेलं, या खेपेला ते शब्दशः खरं होतं.

बादलीची युक्ती इथे येते. तळ्यातल्या पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात तळ्याइतक्याच पातळीला पाणी भरायचं, दोन्हीकडे खुणा करायच्या. ऊन, वारा दोघांना सारखाच. बादलीतलं जेवढं उतरेल तेवढं वाफेने गेलं. तळ्यातलं त्याहून जास्त उतरलं तर उरलेलं जमिनीने नेलं. चोवीस तासांनी बादली ६ मिलिमीटर खाली होती, तळं २०. म्हणजे १४ मिलिमीटरचा चोर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, आणि माझ्या तळ्याचा पृष्ठभाग पावणेपाच चौरस मीटरच्या आसपास. रोजचे पासष्टएक लिटर.

अस्तराला भोक पडलं असणार, दुसरं काय! मी निऱ्या चाचपल्या. संशयाच्या प्रत्येक जागी पाण्यात रंगाचे थेंब सोडले; भोक असलं तर रंगाची रेघ तिकडे ओढली जाते. रंग जागच्या जागी ढगासारखा पसरला. पालथा पडून मी कोपरापर्यंत हात घातले, आणि उठलो की पुन्हा पाणी भरून ठेवत होतो. इथेच चुकत होतो. भरायचं थांबवून पाणी कुठवर उतरतं ते नुसतं बघितलं असतं, तर काठापासून चार-पाच सेंटिमीटरवर ते आपोआप थांबलं असतं आणि चोर काठावर आहे हे दोन दिवसांत कळलं असतं. पण उतरलेलं पाणी बघवत नाही. हात नळाकडे जातोच.

शोध आईने लावला. पहाटे ती परसात चकरा मारते. मला हाक मारली आणि काठीच्या टोकाने दाखवलं. तळ्याच्या पश्चिमेचं वीतभर गवत बाकीच्यापेक्षा हिरवंगार. तिची चप्पल तिथे चिकटत होती. "दव काय एवढ्याच पट्ट्यात पडतं?" मी वाकून दगड उचलला. खालची माती चिंब. ती माती अस्तराच्या कडेवरून पलीकडे गेली होती, आणि तिचा अलीकडचा पाय पाण्यात होता. जिथे जिथे मी काळी कड झाकली होती, तिथे तिथे. आई म्हणाली, "वातच लावलीयस की रे त्याला."

वातच होती. कंदिलात तेल खाली असतं, ज्योत वर. मधलं अंतर कापसाच्या बारीक धाग्यांमधून तेल आपलं आपण चढून जातं. मातीच्या कणांमधल्या फटीही तशाच. फट जितकी बारीक, तितकं पाणी वर चढतं. कड ओलांडून एकदा पलीकडच्या कोरड्या मातीला शिवलं की ते थांबत नाही, कारण गवत वरून पितंच आहे आणि खालची जमीन ओढतेच आहे. भोक नाही, चीर नाही, आवाज नाही. रात्रंदिवस पासष्ट लिटर.

सगळे दगड पुन्हा काढले. माती खरवडली. अस्तराची कड दगडांच्या मागे सदऱ्याच्या कॉलरसारखी उभी केली, तिच्या आतल्या बाजूला फक्त दगड नि गोटे, माती सगळी बाहेर. कॉलरचं टोक काही ठिकाणी अजून दिसतं. दिसू दे. दुसऱ्या दिवशी बादली ६ मिलिमीटर उतरली होती, तळंही ६.

त्यानंतरचं भराभर झालं. नळाच्या पाण्यातला क्लोरिन काही दिवस उघड्यावर राहिलं की उडून जातो (पाणीपुरवठावाले क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरत असतील तर ते जात नाही, ते आधी विचारून घ्यावं). मग कुमुद लावलं: पसरट टोपली, जड माती, वर खड्यांचा थर, आणि टोपलीखाली विटा, म्हणजे कोवळी पानं पृष्ठभागाला पोचतात, पुढे पानं लांबली की एकेक वीट काढायची. याला सरसकट कमळ म्हणतात. कमळाचं पान अखंड गोल, पाण्याच्या वर दांड्यावर उभं, त्यावर थेंब ठरत नाही. कुमुदाचं पाण्यावर पसरून पडतं आणि त्याला देठापर्यंत एक खाच असते. पाण्याचे फवारे याला आवडत नाहीत, मलाही नाहीत, त्यामुळे कारंजं बसवलंच नाही. ज्यांना बसवायचंय त्यांनी बसवावं, पण ३० मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा-ब्रेकर असल्याशिवाय पाण्यात वीज सोडू नये.

पंधरा दिवसांत पाणी पालकासारखं हिरवं झालं. नवीन तळ्याचं होतंच तसं. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, त्याला मोकळं ऊन आणि फुकटचं खत. पाणी बदललं की नवं खत मिळतं आणि पहिल्यापासून सुरुवात होते. बुडून राहणाऱ्या वनस्पती घालायच्या, पानांनी अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकू द्यायचा, आणि हात बांधून बसायचं. शेजारच्या काकांनी कळवळून जलपर्णी आणून दिली. मी हात जोडले. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली ही बया, हवा मानवली तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. काका थोडे रुसले.

शेजाऱ्यांना तळ्याबद्दल मतं असतातच. १८९३ साली क्लोद मोने या चित्रकाराने फ्रान्समधल्या जिव्हेर्नीत आपल्या बागेलगतची जमीन घेतली आणि एप्त नदीच्या ओढ्याचं पाणी वळवून तळं करायला परवानगी मागितली, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. या परदेशी झाडांनी आमच्या पाण्यात विष कालवलं जाईल, ही त्यांची भीती. मोनेला परवानगी मिळाली आणि पुढे त्या तळ्यातल्या कुमुदांची अडीचशेच्या आसपास चित्रं झाली. त्याच्याआधी चार वर्षं, १८८९च्या पॅरिसच्या प्रदर्शनात, लातूर-मार्लियाक या रोपवाटिकावाल्याने थंडी सोसणारी रंगीत कुमुदं लोकांना पहिल्यांदा दाखवली होती. चित्रं सगळ्यांना ठाऊक असतात. त्या गावकऱ्यांची मला अलीकडे जास्त आठवण येते, विशेषतः काका कुंपणावरून डोकावले की.

काकांचा पुढचा प्रश्न डासांचा होता आणि तो रास्त होता. उबदार पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मासे लगेच सोडता येत नाहीत. त्यांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मी रोज संध्याकाळी गाळणीने अळ्या काढत होतो. शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून उलट्या लटकलेल्या असतात. सावली पडली की वळवळत खाली. सहाव्या आठवड्यात गप्पी सोडले आणि गाळणी घरात गेली. चतुर आणि त्यांच्या बारीक अंगाच्या बहिणी, टाचण्या, बोलावल्याशिवाय आल्या.

एका सकाळी पाण्यात उंदराचं पिल्लू तरंगताना दिसलं. प्यायला उतरलं असणार. अस्तर ओलं झालं की घसरतं, आणि त्यावर धरायला काही नसतं. आत जिथे जिथे त्याने नखांनी चढायचा प्रयत्न केला, तिथल्या शेवाळावर बारीक रेघा होत्या. मी काठ इतका साफसूफ, इतका एका पातळीत केला होता की आत गेलेल्याला बाहेर येता येत नव्हतं. त्याच दिवशी पूर्वेला पायरीपासून वरपर्यंत गोट्यांचा उतार रचला. आता तिथे पाखरं अंघोळीला येतात. लहान मूल घरी येणार असेल तर मात्र मी तळ्यावर लोखंडी जाळी टाकतो. त्याला उतार-बितार पुरत नाही.

बादली काढायची राहूनच गेली. मोठ्या पावसात तळं बादलीच्या तोंडापर्यंत चढलं आणि दोन्ही पाणी एक झालं. मग सांडव्यातून उतरून पुन्हा वेगळं झालं. काही दिवसांनी आई वाकून बादलीत बघत होती. आत पंधरा-वीस बेडूकमासे. गप्प्यांपासून सुरक्षित, म्हणून असतील कदाचित, चांगले गुबगुबीत. दोघांना मागचे पाय फुटले होते.

"पाय आले की बाहेर कसे येणार रे हे?"

बादलीच्या भिंती सरळ उभ्या, गुळगुळीत. मी तळ्यातली एक फळी धुतली, तासून अरुंद केली आणि बादलीत तिरकी टेकवली. आईने काठीने ती हलवून पाहिली. "अजून थोडी तिरकी," म्हणाली.